डाग पडला शूटवर, पैसे कापले असिस्टंटचे

ताई, नमस्कार.

मी इचलकरंजीची. टेक्स्टाइलची पदवी घेऊन दीड वर्षापूर्वी मुंबईत आले आणि एका फॅशन स्टायलिस्टकडे असिस्टंट म्हणून लागले. अंधेरीत तिघी मिळून एका खोलीत राहतो. महिन्याला २२,००० ठरलेत. डिझायनरांची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या पीआर एजन्सीच्या शोरूममधून उसने कपडे उचलायचे, शूटवर न्यायचे, स्टीम करायचे, फिटिंगला पिना मारायच्या, रात्री मोजून पॅक करायचे आणि दुसऱ्या दिवशी परत पोचवायचे, हे माझं काम. गेल्या महिन्यात जाहिरातीच्या शूटवर मॉडेलचा टचअप चालू असताना एका डिझायनर लेहंग्याच्या चोळीवर फाउंडेशन सांडलं. डिझायनरने १८,००० मागितले आणि मॅडमनी ते माझ्या पैशांतून कापले. ते पैसे तरी कुठे हातात आलेत? तीन महिन्यांचे थकलेत. बाबा खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून द्यायला, यंत्रमाग चालवतात. त्यांना डागाचं सांगितलेलं नाही. ते म्हणतात, 'लोकांचे कपडे उचलायला शिकवलं का तुला? घरी ये, कापडातच काम कर.' ठाण्यात एका मराठी मालिकेच्या कॉस्च्युम विभागात पगाराची नोकरी मिळतेय, पण मैत्रिणी म्हणतात, मालिकेत गेलीस की फॅशनचं दार बंद. मी काय करू?

एक वाचक, अंधेरी

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या १८,००० रुपयांचं बोलू. ते तुझ्याकडून कापायला नको होते. चोळी मॉडेलच्या अंगावर होती, ब्रश मेकअप करणाऱ्याच्या हातात होता, शूट जाहिरात कंपनीचं होतं. शूटवर आलेला कपडा वापरताना खराब होऊ शकतो, हे तो देणाऱ्याला, आणणाऱ्याला आणि ज्याच्या जाहिरातीसाठी तो आणला त्यालाही ठाऊक असतं. म्हणूनच ड्रायक्लीनिंग आणि नुकसानीसाठी बजेटमध्ये वेगळी रक्कम धरून घ्यायची असते, आणि ती मागून घेणं हे मुख्य स्टायलिस्टचं काम आहे. तुझ्या मॅडमनी ती धरली नसेल तर तो त्यांच्यात आणि प्रॉडक्शनमध्ये सुटायचा प्रश्न. महिना २२,००० घेणाऱ्या मुलीच्या माथी तो मारणं अन्याय आहे. मॅडम एरवी कितीही प्रेमाने वागत असल्या, तुला काम शिकवत असल्या, तरीही.

पण अन्याय झाला म्हणून शोरूममध्ये किंवा चारचौघांत बोलून टाकू नकोस. मॅडमना मेल लिही. व्हॉट्सॲपवर नको, तिथे गोष्टी वर सरकून जातात. मेलमध्ये शूटची तारीख, कपड्याचं वर्णन, कापलेली रक्कम लिही आणि तीन गोष्टी विचार. डिझायनरचं बिल बघायला मिळेल का? ही रक्कम प्रॉडक्शनकडून मागता येईल का? आणि माझे थकलेले तीन महिने कोणत्या तारखेला मिळतील? खाली 'कळवावं ही विनंती' आणि नाव. स्वतःच्या हालांचं वर्णन त्यात घालू नकोस, कारण मग उत्तर हालांना मिळतं, हिशेबाला मिळत नाही.

बिल का मागायचं, तर १८,००० नेमके कशाचे हे तुझ्या पत्रातून कळत नाही. चोळीची अख्खी किंमत, की डाग काढायचा खर्च? डाग निघाला असेल तर ड्रायक्लीनिंगच्या बिलापलीकडे कुणी काही मागायचं कारण नाही. आणि चोळीची किंमत वसूल केली असेल, तर ती चोळी पैसे देणाऱ्याची झाली. ती कुठे आहे, हे विचारायचा तुला हक्क आहे.

आता डागाबद्दल, कारण हे तुला पुढे हजारदा लागणार आहे. फाउंडेशनमध्ये बहुतेकदा तेल किंवा सिलिकॉन असतं. सेटवर घाबरून लोक पहिल्यांदा वेट वाइप उचलतात आणि घासतात. त्याने रंग पसरतो, धाग्यात आत शिरतो आणि रेशमावर पाण्याची गोल कडा उमटते ती वेगळीच. वरचा थर कार्डाच्या कडेने हलकेच उचलून घ्यायचा, वर टाल्कम पावडर घालायची, तिला तेल ओढू द्यायचं, मग झटकायची. उरलेलं ड्रायक्लीनरवर सोडायचं, आणि देताना डाग कशाचा आहे ते त्याला स्पष्ट सांगायचं. टिकल्यांच्या कामावर वाफ सरळ मारायची नाही, प्लास्टिकच्या टिकल्या वळतात. मखमलीला इस्त्री टेकवायची नाही. टचअपला मेकअपवाले आले की आधी गळ्यात टिश्यू खोचायचे, आणि कपडा डोक्यावरून घालायचा असेल तर चेहऱ्यावर पातळ कापड टाकायचं. सेटवर कपडे सांभाळणाऱ्या ड्रेसदादांना हे सगळं पाठ असतं. जुन्या ड्रेसदादांच्या शेजारी उभं राहून त्यांचे हात बघ, कुठल्या कोर्समध्ये हे एवढं नीट कुणी शिकवत नाही.

आणि चलन, म्हणजे कपडे नेल्या-आणल्याची पावती. शोरूममधून कपडा घेताना तू चलनावर सही करतेस. त्या सहीच्या आधीची पाच मिनिटं तुझी खरी ढाल आहे. कपडा उलटा कर. काख, गळपट्टी, घेराची कडा, हूक, चेन, अस्तराची शिवण, सगळं उजेडात बघ. आधीच्या कुणाच्या शूटचा डाग असेल, टिकली निघाली असेल, तर फोटो काढ आणि चलनावरच हाताने लिही, 'डाव्या बाहीवर डाग, आधीचा'. देणारी मुलगी घाईत असेल, तोंड वाकडं करेल, करू दे. लग्नघरी केटररची भांडी घेताना घरातली एखादी काकू पातेल्याला पडलेला पोचासुद्धा वहीत मांडून ठेवते ना, तेवढ्या चिकाटीने हे करायचं. परत देतानाही तसंच, समोरच्याची सही आणि वेळ घेतल्याशिवाय शोरूममधून हलायचं नाही. चपला-बुटांच्या तळाला मास्किंग टेप तू लावत असशीलच. ज्या काळजीने तो टेप लावतेस, तीच काळजी कागदालाही लाव.

थकलेल्या पैशांचं जरा सविस्तर सांगते. या धंद्यात ६० दिवस, ९० दिवस हे शब्द इतक्या सहज बोलले जातात की नव्या मुलींना तो नियमच वाटतो. तो नियम नाही, सवय आहे. तुला पगारपत्रक मिळत नसणार, तू दर महिन्याला इन्व्हॉइस देत असशील. देत नसशील तर या महिन्यापासून दे. क्रमांक, तारीख, कामाचे दिवस, रक्कम, पॅन, बँकेचा तपशील, आणि शेवटी 'पैसे १५ दिवसांत द्यावेत' अशी ओळ. इन्व्हॉइस देणारी म्हणजे कागदावर तू स्वतंत्र व्यावसायिक झालीस. मग 'उद्यम' पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करून घे. आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर एक पैसा लागत नाही, पैसे मागणाऱ्या दलालांच्या वेबसाइटवर जाऊ नकोस. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि ती तारीख ४५ दिवसांच्या पुढे ठरवताच येत नाही. काहीच ठरलं नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढीने. सेवा देणारेही यात येतात. नोंदणीच्या आधी केलेल्या कामाला हा आधार मिळवणं अवघड असतं, म्हणून जुन्या तीन महिन्यांसाठी मेल आणि पाठपुरावा हाच मार्ग धर, आणि नोंदणी पुढच्या कामासाठी करून ठेव. इन्व्हॉइसच्या डोक्यावर उद्यम क्रमांक छापलेला असला की समोरच्या अकाउंट्सवाल्याचा सूर बदलतो.

एक छोटी गोष्ट राहू नये. तुझ्या मानधनातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला जात असेल, तर तो तुझ्या पॅनवर भरला गेलाय का, हे इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर जाऊन बघ. तुझं वर्षाचं उत्पन्न पावणेतीन लाखांच्या आत आहे, त्यावर कर बसत नाही, रिटर्न भरलास की कापलेले पैसे परत येतात. कितीतरी मुलं हे पैसे तसेच सोडून देतात, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता 'लोकांचे कपडे उचलणं' याबद्दल. हे वाक्य बाबांचं आहे, पण पत्राच्या सुरावरून वाटतं की तुझ्याही मनात ते घर करू लागलंय. तुझ्या कामात उचल-ठेव आहे, भरपूर आहे. खारहून लोअर परळ, तिथून परत अंधेरी, पावसात सूट कव्हर छातीशी धरून रिक्षा शोधणं, हे खोटं कशाला म्हणू? पण त्या सगळ्या शोरूममधून फिरणाऱ्या असिस्टंट मुलींमध्ये किती जणींनी मागावर कापड उतरताना पाहिलंय? तू पॉपलीन आणि केम्ब्रिकमध्ये वाढलीस. बोटांत धरलं की सूत किती नंबरचं असेल याचा अंदाज तुला येतो. कापड तिरकं कापलं तर कसं लोंबेल, दोन धुण्यांनी किती आटेल, हे तुला विचारावं लागत नाही. कॅमेऱ्यापुढे हे ज्ञान सोन्याचं असतं. बारीक जवळजवळच्या रेघांचा शर्ट पडद्यावर थरथरतो. ऑर्गंझा आणि टॅफेटा ही कडक कापडं कॉलर माइकला घासून खरखरतात आणि साउंडवाला अख्खं शूट थांबवतो. चकचकीत सॅटिनवर दिव्याचा पांढरा पट्टा येतो. हे प्रश्न फिटिंगच्या वेळीच ओळखून 'मॅडम, याच्यावर माइक लागणार असेल तर आवाज येईल' एवढं म्हणणारी असिस्टंट फार दिवस नुसती पिशव्या उचलणारी राहत नाही. तू असं बोलतेस का? मला शंका आहे की तू गप्प राहतेस, आपलं इंग्रजी त्या शोरूममधल्या मुलींसारखं नाही म्हणून. बोल. मराठी-हिंदीत बोल. दिग्दर्शकाला शॉट वाया जाऊ नये एवढ्याशी मतलब असतो.

सुट्टीच्या दिवशी मंगलदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट, भुलेश्वरच्या लेस-बटणांच्या गल्ल्या हिंड. रविवारी मंगलदास बंद असतं, तेव्हा दिवस बघून जा. दुकानदारांशी इचलकरंजीची म्हणून बोललीस की ते तुला आतल्या फळीवरचे तागे काढून दाखवतील.

ठाण्याच्या नोकरीबद्दल तुझ्या मैत्रिणींचं मला पटत नाही. मालिकेत गेल्याने दार बंद होतं हा समज आहे, आणि तो धरून बसणाऱ्यांच्या घरभाड्याची सोय बहुतेकदा दुसरं कुणीतरी करत असतं. मी म्हणेन, ती नोकरी घे. तुला आत्ता ठरलेल्या तारखेला बँकेत येणारे पैसे हवेत, ते एक. दुसरं, मालिकेच्या कॉस्च्युममध्ये जे शिकायला मिळतं ते उसन्या लेहंग्यांच्या धावपळीत मिळत नाही. घराच्या दारातला प्रसंग आज शूट होतो आणि दार उघडून आत आल्यानंतरचा आठ दिवसांनी. साडी तीच, पण पदराची पिन कुठल्या खांद्यावर किती खाली होती, डाव्या हातात बांगड्या किती, मंगळसूत्र पदराच्या आत की बाहेर, टिकली कोणती? हे फोटोत आणि वहीत नीट मांडून ठेवणारी व्यक्ती सेटवर लागतेच. पांढरा शुभ्र सदरा दिव्याखाली डोळ्यांत खुपतो, म्हणून तो चहाच्या पाण्यातून काढतात. शेतकऱ्याच्या बायकोची साडी दुकानातून आणून तशीच नेसवली तर खोटी दिसते, म्हणून आधी धुऊन धुऊन तिची खळ घालवावी लागते. कापड माणसाचं कधी होतं, हे तिथे कळतं. फॅशनच्या कामात परत येशील तेव्हा हे तुझ्याबरोबर येईल.

फॅशनशी नातं तुटू नये असं वाटत असेल तर टेस्ट शूट करत राहा. नवा फोटोग्राफर, नवी मॉडेल, नवा मेकअप आर्टिस्ट आणि तू, कुणीच कुणाला पैसे देत नाही, चौघांच्या पोर्टफोलिओत फोटो जमतात. मंगलदासचं कापड आणि एक बरा शिंपी एवढ्यावर होतं. इचलकरंजीच्या साध्या मलमलवर एक शूट कर, हे मी अगदी मनापासून सांगते आहे.

ठाण्याला हो म्हणण्याआधी मात्र चार गोष्टी मेलवर लिहून घे. शिफ्ट किती तासांची आणि वर थांबलं तर काय, पगाराची तारीख, रात्री उशिरा पॅकअप झालं तर घरी सोडायची गाडी, आणि कपडा खराब झाला तर भरपाई कुणाची. यातली शेवटची गोष्ट विचारायला लाजू नकोस. आपल्या क्षेत्रात कॉस्च्युम, मेकअप आणि हेअरवाल्यांची संघटना आहे. तिच्या सदस्यत्वाच्या कार्डाबद्दल तिथल्या सीनियरना विचार. याच संघटनेत बायकांना मेकअप आर्टिस्ट म्हणून कार्ड मिळत नव्हतं, केशरचनाकार म्हणून तेवढं मिळायचं. काही जणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ती बंदी रद्द झाली. महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अटही त्याच निकालात गेली.

मॅडमकडून निघताना सगळे कपडे परत करून, सगळ्या चलनांवर सह्या घेऊन, यादी त्यांना मेल करूनच नीघ. थकलेल्या पैशांसाठी कपडे अडवून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. ते कपडे मॅडमचेही नसतात, आणि त्यात तूच अडकशील.

राहिले बाबा. तू त्यांना डागाचं सांगितलं नाहीस, थकबाकीचं सांगितलंस की नाही ते पत्रात नाही. दोन्ही सांग. तुझे बाबा खर्चीवाले आहेत. सूत व्यापाऱ्याचं, माग आणि मेहनत त्यांची, मजुरी मीटरवर. ती मजुरी अडकली की घरात काय होतं, आणि कापडात दोष निघाला म्हणून पैसे कापले गेले की कसं वाटतं, हे त्यांना मी सांगायला नको. आत्ता त्यांच्या डोळ्यांपुढे तुझं काम म्हणजे कुणातरी श्रीमंत बाईचे कपडे हातावर घेऊन चाललेली त्यांची लेक. तू हिशेब घेऊन बसलीस तर त्यांना त्यांच्यासारखाच धंदा करणारं माणूस दिसेल, आणि माझा अंदाज आहे की व्यापाऱ्याकडून पैसे कसे काढायचे याबद्दल ते तुला माझ्यापेक्षा चार गोष्टी जास्त सांगतील.

त्यांना भानू अथैयांबद्दलही सांग. त्या कोल्हापूरच्या, तुमच्या घरापासून बसने तासाभराच्या अंतरावरच्या, १९२९ सालचा जन्म. मुंबईत येऊन आधी मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढली, मग सिनेमाचे कपडे केले, आणि 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर घेतलं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. तुलाही बक्षीस मिळेल म्हणून हे सांगत नाही. कपड्याचं काम हे शिकलेल्या माणसाचं, डोक्याचं काम आहे, आणि आपल्या भागातल्या एका बाईने ते जन्मभर केलं, एवढं बाबांना कळलं तरी बोलणं वेगळ्या ठिकाणाहून सुरू होईल.

घरी परतायचं दार उघडं आहे, हे चांगलंच आहे. कधी जाशीलही, स्वतःच्या कापडाचा ब्रँड काढायला किंवा बाबांना खर्चीतून बाहेर काढायला. पण १८,००० रुपयांच्या डागामुळे आणि तीन महिन्यांच्या थकबाकीमुळे आत्ता जाऊ नकोस. मॅडमना मेल उद्याच लिही, आणि ठाण्याच्या लोकांना या आठवड्यात उत्तर दे. मालिकेचं शूट रोज चालू असतं, ते एका असिस्टंटसाठी फार थांबत नाहीत.

तुझी ताई